गळ बंद ठेवायचे दिवस

बाबा, क्रुसाच्या वाटेची भक्ती संपवून सगळे घरी गेलेत आणि मी चर्चच्या पायरीवर बसून तुम्हाला लिहितोय. फादरांना दर शुक्रवारी तालुक्याहून येणं जमत नाही, म्हणून चर्चचे मास्तर या नात्यानं तुम्ही घ्यायचात ती प्रार्थना तुमच्यामागे मीच घेतो. माझे केस पांढरे झाले, तरी आपल्या चार घरांत मी अजून "मास्तरचं पोरगं"च आहे.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागली की तुम्ही घरी येऊन गळाची काठी आढ्याला बांधून टाकायचात. एरवी रविवारची प्रार्थना आटोपली की तुमची सायकल थेट सिद्धेश्वर धरणावर. संध्याकाळी पिशवीत एखादी मरळ असो-नसो, चेहरा असा फुललेला की आई म्हणायची, "ह्यांचं लगीन माझ्याशी न्हाई, धरणाशी लागलंय." उपवासकाळ सुरू झाला की तो चेहरा मिटायचा तो ईस्टरपर्यंत. एकदा चुलीपाशी जेवताना मी विचारलं होतं, "मटण न्हाई, पण मासे तर शुक्रवारी बी चालतात. मग गळ काहून बंद?" तुम्ही भाकर मोडत म्हणालात, "खायाला बंदी न्हाई रे. मला लई आवडतं म्हणून बंद. जे जड जात न्हाई ते देवाला देऊन काय उपेग?" तेव्हा मला तुम्ही फार मोठे वाटला होतात.

तुमच्या शेवटच्या उपवासकाळात मात्र तसं वाटलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. गावात हळद शिजत होती, अंगणात बाजेवर तुम्ही पडून, आणि त्या वासातूनही तुम्ही विचारता, "वारं धरणाकडून येऊन राहिलं का?" मला कळलं, तुमचं मन धरणावर आहे. मी तडक फादरांकडे गेलो. ते म्हणाले, "आजाऱ्याला नियम नसतो. घेऊन जा त्यांना. देवाला आनंदच होईल." शेजाऱ्याचा टेम्पो आणला, आत गादी टाकली. तुम्ही गादीकडे बघता आणि मान फिरवता.

"बाबा, फादरनं सूट दिली."

"त्यांनी दिली. म्या न्हाई घेतली."

"ईस्टरपर्यंत..."

"ईस्टरला जाऊ की. बराबर जाऊ."

ईस्टरला आठ दिवस उरले असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. मातीला आलेले सगळे म्हणत होते, काय निष्ठा माणसाची! मी मान हलवत होतो. आत मात्र राग उकळत होता. तुम्ही इतके हलके झाला होतात, उचलून नेलं असतं तर अडवायचं बळही तुमच्यात नव्हतं. मी हात लावला नाही. ती भक्ती होती की हट्ट, हे आजवर मला ठरवता आलेलं नाही. आणि तुमचा नाद माझ्यात उतरलेला, तेव्हा मीही दर उपवासकाळात गळ बंद ठेवत आलो, पण भक्तीनं नाही. तुम्हाला जे जमलं ते मला जमत नाही असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

यंदा लेकीनं विचारलं, "पप्पा, तुमी काय सोडणार?" आणि आज सकाळी मी गळ घेऊन धरणावर गेलो. भीती देवाची वाटेल असं धरून चाललो होतो. वाटली ती तुमची. मग दोरीला हिसका बसला, चांगला हातभर मासा निघाला, आणि बाबा, मला लेकरासारखा आनंद झाला. किती वर्षांनी! तो मासा काठावरच्या एका बाईला देऊन टाकला आणि परतलो. दुपारभर साबणानं हात घासले. संध्याकाळी प्रार्थनेचं पुस्तक धरलं तर पुढच्या बाकावरची म्हातारी माशाचा वास हुंगत म्हणाली, "मास्तरच्या पोरा, औंदा उपास न्हाई का?"

"हाय की," मी म्हणालो, आणि क्रुसाच्या वाटेतल्या पहिल्या स्थानाची प्रार्थना सुरू केली. आवाज थरथरला. लोकांना वाटलं भक्तीनं.

आता अंधारून येतंय, अक्षर दिसेनासं झालंय. तुमची कबर इथून दिसते, दगडाखाली हा कागद सहज ठेवता येईल. नाही ठेवणार. तुम्ही "बराबर केलंस" म्हणाल अशी वेडी आशा मला अजून आहे, आणि ती तपासून बघायची हिंमत नाही.