शेवंताचा रिकामा डबा

सोम., १२ जाने.
पिंके, लिही. आधी तारीख घाल, नाहीतर पुढं वाचताना मलाच विचारशील, "आजी, हे कधीचं गं?" मला अक्षर येत नाही, पण डोकं तुझ्यासारखं चाळणीचं नाही.
अंबरनाथला धाकट्या बहिणीला, शेवंताला, तिळाचे लाडू धाडले होते. आज डबा परत आला. धुतलेला, रिकामा. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालते ती. रिकामा कधीच नाही. तिच्या लेकानं, सुनीलनं, तुला दारातूनच वाटेला लावलं. "आई झोपलीय." भरदुपारी? शेवंता? दुपारी झोपणाऱ्यांना नावं ठेवण्यात जिचा जन्म गेला, ती?

मंगळ., १३
सुनील फोनवर, "मावशी, तिचं डोकं चालत नाही आता. भेटून काय करणार?" तिची शेजारीण सांगते, कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. आतून कण्हणं ऐकू येतं.
रिक्षा केली, पोलीस ठाणं गाठलं. फौजदार बाई म्हणाली, "आजी, ऐकलेलं नंतर. स्वतः काय पाहिलंत?"
म्हटलं, रिकामा डबा.
पेन थांबलं. मग, "माझी आईपण रिकामा देत नाही," म्हणाली आणि लिहिलं. अंगठा दिला.

गुरु., १५
पोलीस जाऊन आले. सुनील जाळीआडून, "वॉरंट आहे?" दहावी झाला तेव्हा पेढे मीच वाटले होते. भोगा.
बाई मॅजिस्ट्रेटकडे वॉरंट मागणार. "तोवर त्याला फोन नको आजी, आईला हलवेल कुठंतरी." गप्प बस म्हणे. मला! तोवर तिला काही... राहू दे, पुढचं लिहू नको.

शनि., १७
वॉरंट निघालं. दार उघडलं. शेवंता आतल्या खोलीत, मनगटांवर बांधल्याचे वळ. आता सरकारी दवाखान्यात. सुनील ठाण्यात.
म्हटलं, "काय राणीसाहेब, रिकामा डबा धाडता?"
तर म्हणते, "सुनील जेवला का गं?"
बाईनं विचारलं, हात कुणी बांधले? ही छताकडे बघून, "मीच पडले." बाई उद्या परत विचारणार. ही घरीच जायचं म्हणाली तर?
तिची कवळी घरातच राहिली. हवालदार म्हणतो, वॉरंटावर बाई बाहेर काढायची लिहिलीय, कवळी नाही.
पिंके, सकाळी गुरगुट्या भात पाठव, तूप सढळ. पण एकीपुरताच. जास्त धाडलास तर त्याच्यासाठी झाकून ठेवेल.