ज्योतीसमोरून उठवलेली माणसं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, प्रयोगशाळेची काचभांडी बनवणाऱ्या कारखान्याचा मालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दडपण कोणी आणलेलं नाही. धास्ती आहे, ती माझी स्वतःची.

धास्ती अशी, की आमच्या सगळ्यात कसबी कारागिराला, जिला अख्खा कारखाना आक्का म्हणतो, नदीपलीकडच्या कारखान्याने बोलावलं आहे. शनिवारी तिला उत्तर द्यायचं आहे. आज गुरुवार.

कलम १. राहतं घर मुलाला. मागच्या खोलीचं दार अडकतं. त्याला लाथ मारू नये, जरा उचलून ढकलावं.

कलम २. शाळेपासूनच्या कवितांच्या वह्या नातीला. वाचल्या नाहीत तरी चालेल, रद्दीत देऊ नयेत. आमचे गुरुजी कविता म्हणताना ओळीच्या मध्येच थांबत आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसे. पुढे आक्काला पहिल्यांदा नळीत फुंकर घालताना पाहिलं, तेव्हा मला तोच वर्ग आठवला. तापल्या काचेत श्वास किती सोडायचा, कुठे थांबायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

कलम ३. अंगठ्याने हजेरी घेणारं यंत्र आमच्या व्याह्यांना साभार परत. "शिस्तीशिवाय माणसं टिकत नाहीत हो," म्हणून त्यांनीच ते बसवून दिलं. वर्षानुवर्षं गरम काच हाताळून अंगठ्याच्या रेषा पुसट होतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं, तरी भिडेपोटी गप्प बसलो. जितका जुना कारागीर, तितका तो यंत्राच्या लेखी गैरहजर. कारकून मात्र रोज हजर!

कलम ४. माझी मोठी चूक. जो उत्तम काम करी, त्याला मी बढती देऊन बर्नरच्या ज्योतीसमोरून उठवलं आणि देखरेखीच्या केबिनमध्ये बसवलं. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून ते कामच काढून घेतलं. असे तिघे कारखाना सोडून गेले. तिसरा जाताना म्हणाला, "मालक, केबिनमधून ज्योत दिसते, पण धग लागत नाही." मला ते वाक्य इतकं सुंदर वाटलं, की मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याला थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात आक्कालाही केबिनमध्ये बसवलं. "काका, माझं काय चुकलं?" एवढंच तिने विचारलं. मला वाटलं, विनयाने बोलते आहे.

कलम ५. सबब माझ्या पश्चात केबिन पाडावी. कारागिराचा पगार मॅनेजरपेक्षा जास्त झाला तरी कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. कामाची वाटणी काम करणाऱ्यांनीच आपसात ठरवावी, आणि नवा माणूस ज्यांच्या शेजारी बसणार, त्यांनीच तो निवडावा. आक्काचा बर्नर व अवजारं तिच्या मालकीची.

हे वाचून मुलगा म्हणाला, "बाबा, मग मॅनेजरने करायचं काय?"

"गॅस संपू द्यायचा नाही. आणि मध्ये मध्ये करायचं नाही."

दुपारी हे सगळं मी वकिलांसमोर आक्काला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल.

"छान लिहिलंय. पण हे तुम्ही गेल्यावर ना?"

"अगं, मृत्युपत्र आहे."

"मग मी काय करू, काका? तुमच्या जाण्याची वाट बघत बसू? तुमची तब्येत तर माझ्यापेक्षा ठणठणीत दिसतेय!"

वकील हसले. मी मात्र कागद परत पुढे ओढला. पुढचं अक्षर बिघडलं आहे ते घाईमुळे.

दुरुस्ती. कलम ३, ४ व ५ रद्द. वाचता यावीत म्हणून त्यांवर एकेकच रेघ मारली आहे. त्यांतलं सगळं आज, मी हयात असताना लागू केलं आहे. गवंडी आला आहे. केबिनची धूळ या कागदावर बसते आहे. आक्काला तसं सांगितलं. "बघते," म्हणाली आणि बर्नरसमोर आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

आता तिला या मृत्युपत्राने काही मिळायचं उरलं नाही, तेव्हा ती साक्षीदार होऊ शकते, असं वकील म्हणाले. मी कागद तिच्याकडे पाठवला. हुद्दा तिने स्वतःच भरला आहे.

स्थळ : कारखाना, बर्नरांच्या रांगेतलं शेवटचं बाक
दिनांक : १२ नोव्हेंबर
लिहून ठेवणार : (सही) मालक

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टर
२. (सही) आक्का. हुद्दा : काच फुंकणारी. सध्या इथेच.