बाबांच्या साइटवरची वर्दळ

ताई,

बाबा उठायच्या आत हे वाच आणि फाडून टाक. त्यांची रेडिओ दुरुस्तीची वेबसाइट काल बंद पडली. माळ्यावरचा तो जुना कॉम्प्युटर अखेर जळला. साइट मी माझ्या लॅपटॉपवर चालू करून दिलीय, पण घोळ वेगळाच निघाला.

आई गेल्यापासून ज्या वाचकांसाठी ते सकाळी अंथरुणातून उठतात ना, ते वाचक नव्हतेच गं. साइट चालू आहे ना, हे बघायला तो जुना डबाच ती सारखी उघडायचा आणि वाचकांचा आकडा वाढायचा. बाबांनीच कधीतरी तसं लावून ठेवलं आणि विसरले. आजपासून आकडा हलणार नाही.

त्यांना सांगायचा मला धीर होत नाही. मी ड्युटीवर पळतोय. जेवणाच्या सुट्टीत साइट उघडीन, तूही दुपारी उघड. भावजींना फोन कर, पण टर उडवायची नाही म्हणावं.

आणि नुसती उघडून बंद करू नकोस. शेवटचं पान आईच्या रेडिओवर आहे, त्यांच्या हातून दुरुस्त व्हायचा राहिला तो. मीसुद्धा काल पहिल्यांदाच वाचलं.