एकटीला वापरता येईल असा फोन

प्रिय मकामे,

तिकडे बेटावर, पेंबात सगळे खुशाल असाल. इकडे किनाऱ्यावर, तांगात आमच्या घरी नवा फोन आला आहे आणि तो माझा आहे. फोनबद्दल एवढं लांबलचक काय लिहायचं, असं तुला वाटेल. पण बैस, सांगते.

काचबिंदूने डोळे गेल्यापासून माझा फोन नावापुरताच माझा होता. तो वाजला की सून रेहेमा शिलाई मशीनवरून उठायची, आलेला मजकूर मोठ्याने वाचायची आणि मी सांगेन ते उत्तर लिहून पाठवायची. कधी कंटाळली नाही बिचारी. पण माझ्या बहिणीचं दुखणं असो, नाहीतर लग्नांत गाणाऱ्या आमच्या बायकांमधलं भांडण, ते आधी अंगणभर व्हायचं आणि मग माझ्यापर्यंत पोचायचं. कोणी मला काही खासगी सांगू पाहिलं, तरी ऐकायला शेजारीण हजर. मी हसून वेळ मारून न्यायची. आपल्याला एवढं सांभाळणारी माणसं असताना तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

जुना फोन विहिरीजवळ पाण्यात पडला आणि गेला. आमचा अथुमानी म्हणाला, “अम्मा, आता माझ्यासारखाच आयफोन घेऊ. बंदरावरचे सगळे साहेब तोच वापरतात.” रेहेमा म्हणाली, “कॅमेरा चांगला बघा हं, मला शिवलेल्या कपड्यांचे फोटो काढता येतील.” बाजारात नसरा नावाच्या बाईंचं दुकान आहे, तिथे दोघं भांडत भांडत मला घेऊन गेले. नसराने दोघांचं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, फोन वापरणार कोण?” मी म्हटलं, “मी.” “मग मावशी, तुम्हाला काय हवंय?” इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, “मला तो एकटीला वापरता आला पाहिजे. बाकी काही नाही.”

तिने माझ्यासाठी खुर्ची मागवली. म्हणाली, “पडद्यावरचं बोलून दाखवायची सोय आयफोनमध्येही असते आणि अँड्रॉइडमध्येही. माझे एक गिऱ्हाईक वकील आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांचं सारं काम इंग्रजीत, आयफोनवर त्यांचा हात बसलाय, ते दुसरा घेणार नाहीत. तुमच्याशी फोनने कुठल्या भाषेत बोलायचं?” मी म्हटलं, “स्वाहिलीत. आणि मला हसू येणार नाही अशा स्वाहिलीत.” मग एकेक फोन तिने माझ्या हातात दिला. पहिल्याला आधी कोणीतरी इंग्रजी आवाज लावून ठेवला होता. तो आपली भाषा अशी वाचायला लागला, की जणू कालच विमानातून उतरलेला गोरा पाहुणा मासळीचा भाव विचारतोय. सगळं दुकान हसलं. शेवटी एका अँड्रॉइडमधल्या बाईचा आवाज मला पटला, आपल्याकडच्या शाळामास्तरणीसारखा, जरा खडूस पण स्पष्ट. त्या फोनची बटणं बोटाला लागतात, वीज गेली तरी तो दम धरतो आणि रेहेमाचाही तसलाच असल्यामुळे अडलं तर तिला विचारता येतं. अथुमानी कुरकुरला, “लोक म्हणतील, पोराने आईला साधा फोन घेऊन दिला.” मी म्हटलं, “त्यांना सांग, आईनेच निवडला.”

खरी कुस्ती पुढेच होती. फोन उघडायला नसराने माझा अंगठा नोंदवून घेतला. अथुमानीने लगेच आपलाही पुढे केला, “अडीअडचणीला असू दे.” मी फोन छातीशी धरला. तो म्हणाला, “अम्मा, तुझं आमच्यापासून लपवण्यासारखं आहे काय?” मी म्हटलं, “काही नसलं तरी दाराला कडी असते ना बाळा?” त्याने हात मागे घेतला. मकामे, नवरा गेला आणि जो तो माझ्यासाठी ठरवू लागला, तेव्हाही मी एवढ्या ठामपणे कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

शिकताना मी फजितीही करून घेतली. एकदा नारळाच्या रश्शातल्या माशांचं जे रसभरीत वर्णन मी बहिणीला पाठवत होते, ते सगळं मशिदीतल्या मौलवींना गेलं. त्यांनी उलट विचारलं, जेवायला कधी येऊ? पण बोटं शिकत गेली. मध्यंतरी मुहेझाहून एका लग्नात गायचं बोलावणं आलं, ते मी कानात इअरफोनची तार घालून एकटीने ऐकलं, एकटीने ठरवलं आणि आमच्या सगळ्या बायकांना कळवलं. रेहेमाला ते बाहेरून समजलं. आधी ती रुसली, मग माझा हात धरून म्हणाली, “आता माझं शिवण वेळेवर होईल.” तिलाही सुटल्यासारखं वाटलं असेल. त्या लग्नात मी असा सूर लावला, की वराच्या आत्याने मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता हे का लिहितेय ते सांगते. मागच्या रमजानात उपास सोडायला सगळे बसले असताना तुझा मजकूर आला होता. रेहेमा नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागली, निम्म्यावर तिचा आवाज बारीक झाला, पण तिने तो शेवटपर्यंत वाचला. उरलेली वर्षं आपण एका घरात काढू या का, असं तू विचारलं होतंस. जेवणं थांबली. शेजारीण खोकली. “अम्मा, काय लिहू?” रेहेमाने विचारलं आणि मी म्हटलं, “लिही, यंदा पेंबाच्या बागांतल्या लवंगा कशा आहेत?” तूही शहाण्यासारखं कळवलंस, लवंगा बऱ्या आहेत. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मकामे, ते माझं उत्तर नव्हतं, अंगणाचं होतं. माझं उत्तर मी आज माझ्या बोटांनी, एकेक अक्षर कानात ऐकत लिहितेय: हो. आज सकाळी मुलाला आणि सुनेला मी हे सांगितलं, विचारलं नाही. अथुमानी म्हणाला, “पेंबाहून बोट कधी असते?” तेव्हा ये. उतरलास की फोन कर, मीच उचलेन.

तुझीच,
सौमु