अकरा मिलीमीटर

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५. दुपारी १.४०. महाड. लॅबच्या पायरीवर बसून नळ्यांची यादी परत तपासत होतो.

आज अकरा नळ्या. पोलादपूरच्या नऊ चांगल्या. वरच्या वाडीच्या दोन खराब, दोन्ही शकूबाईंच्या. मागच्या सोमवारीही हेच झालं!

लॅबच्या दिशा मॅडमनी नळी मशीनमध्ये फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. वरचं पाणी पिवळं दिसायला हवं. कोकम सरबत दिसत होतं. "पेशी फुटल्यात. यात पोटॅशियम बघितलं तर खोटं येईल. परत घ्या." कशानं फुटतात, मी विचारलं. "हिसक्यांनी. आणतोस कुठून हे? दळून आणल्यासारखं!"

या प्रकाराला हिमोलिसिस म्हणतात. मॅडमकडून कागदावर लिहून घेतलं. शाळा बारावीत सुटली, पण चुकीचं लिहिलेलं मला सहन होत नाही.

शकूबाईंच्या पायांना सूज आहे. मूत्रपिंडाचा संशय आहे. पोटॅशियम कळल्याशिवाय डॉक्टर औषध सुरू करत नाहीत. रक्त सारिका सिस्टर वाडीवरच काढतात, मी फक्त मोटरसायकलवरून लॅबला नेतो. मी तर सुई टोचताना बघतही नाही, बाहेर जाऊन उभा राहतो. पण आज संध्याकाळी, रक्त परत द्यावं लागेल म्हणून सांगायला मलाच जावं लागलं.

शकूबाई दारातूनच ओरडल्या — "रगातवाला आला गो! माझ्या अंगात विहीर हाय का रे? दर आठवड्याला बादली घेऊन येतोस!"

त्यांचे यजमान गोमाजीकाका हसले. मी नाही हसलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रभर एकच विचार. पोलादपूर–महाड हायवे आहे, तिथल्या नळ्या टिकतात. वाडीचा रस्ता फुटलेला, तिथल्याच फुटतात. मधे फक्त माझी गाडी!

सकाळी पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर दिला. पुढचा शॉकअप खाली गेला तो ठक् करून तळालाच टेकला. गाडी दोन हजार तेराची. आधी आत्तेभावाची, मग माझी. बारा वर्षांत कोणी तो उघडलेला नाही.

मग प्रयोग केला. प्लास्टिकच्या भांड्यात १०० मि.ली. पाणी मोजून घेतलं, झाकण न लावता नळ्यांच्या पेटीत ठेवलं. वाडीच्या देवळापासून खाली खचलेल्या मोरीपर्यंत चार किलोमीटर, वीसच्या वेगानं. उरलं ८८.

बारा मिली सांडलं. नळीत सांडायला जागा नसते. तिथे रक्त आतल्या आत आपटत असणार.

८ ऑक्टोबर, बुधवार

शॉकअपमध्ये नव्या स्प्रिंगा बसवल्या! महाडला सुनीलच्या दुकानात. सुनील म्हणाला, "आपल्या भागात हेवीच घ्यायची. सगळे हेवीच नेतात. तिघं बसव, वर तांदळाचं पोतं टाक, दबणार नाय." दुकानातल्या पोऱ्यानं चाळीस मिनिटांत बसवून दिल्या. ऑइल पण जास्त घातलं, "म्हंजे अजून कडक." जोडी ५८०, मजुरी २५०.

हँडल दाबलं तर हलेना! छाती फुगली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लाल. शकूबाईंची आजची नळी पहिल्यापेक्षा लाल.

दिशा मॅडमनी उजेडात धरून बघितली. त्यांनी नळी माझ्याच हातात दिली. ते फार वाईट.

संध्याकाळी वाडीवर गेलो. शकूबाई ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. सूज घोट्याच्या वर आली आहे. बोट दाबलं की खड्डा राहतो. दोन्ही कोपरांच्या आत काळंनिळं. सिस्टर म्हणतात शीर आता सापडत नाही. शकूबाई मला म्हणाल्या, या वेळी आवाज न चढवता — "सोमवारी एकदा देन. त्यानंतर नाय. मेले तरी नाय."

एकदा. म्हणजे माझ्याकडे चार दिवस आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाण्याचा प्रयोग परत केला. तोच रस्ता, तोच वेग. उरलं ८१.

पैसे घालून मी गाडी बिघडवली.

११ ऑक्टोबर, शनिवार

तुडीलला कोंडाजीकाकांकडे गेलो. सिस्टरनी नाव सांगितलं. तीस वर्षं मुंबईत एसटीच्या डेपोत होते, आता घरामागच्या पडवीत गाड्या बघतात. सत्तरीचे असतील. उजव्या डोळ्यात फूल पडलंय.

त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी मलाच विचारलं, "काय नेतोस हिच्यावर?"

"रक्त."

"किती?"

"सगळ्या नळ्या, बर्फ, पेटी धरून चार किलो. मी बावन्न." (रेशनच्या काट्यावर मोजून गेलो होतो.)

"मागं कोन बसतं?"

"कोणी नाही."

त्यांनी पुढं स्प्रिंग कुठली घातलीस ते विचारलं, मी हेवी म्हटलं. "मग हेवी कोनी घालायला सांगितली? सिमेंट नेतोस का?" मी सुनीलचं बोलणं सांगितलं. म्हणाले, "तो खोटं नाय बोलत. हितं समदे तिघं बसतात, त्यांच्यासाठी बरोबर हाय. तू किडकिडीत. तुझ्या वजनानं ती दबतच नाय. खड्डा आला की ती स्वतःच्या पोटात घेत नाय, तुझ्या पेटीवर टाकते."

सगळे नेतात म्हणून मी नेली! माझं वजन किती, हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

कंपनीच्या मूळ मापाच्या स्प्रिंगा, दोन ऑइल सील आणि ऑइल आणायला सांगितलं. दुकान बंद व्हायच्या आत महाडला पोचलो. स्प्रिंगा ४६०, सील १८०, ऑइल १८०. सुनील म्हणाला, "हेवी परत घेणार नाय हां, उघडलेली हाय." मग म्हणाला, "कोंडाजीकडे चाललास? मग काय बोलायलाच नको."

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे बघितलं ते सगळं लिहून ठेवतो. विसरायचं नाही.

गाडी डबल स्टँडवर, इंजिनाखाली सागाचा ठोकळा. पुढचं चाक काढलं, मडगार्ड काढलं. शॉकअपचे दोन्ही पाइप खाली ओढून काढले. ऑइल परातीत ओतलं. सुनीलकडचं ऑइल चार दिवसांपूर्वीचं, तरीही काळं — जुनी घाण न धुताच वर नवं ओतलं होतं. त्यात बारीक चमक होती. काका म्हणाले, "हे लोखंड हाय. बारा वर्षांत झिजलेलं." मी परात हलवली. खळ्यावर चांदणं पडावं तसं ते आत फिरत होतं.

माझ्या जुन्या स्प्रिंगा मी फेकल्या नव्हत्या, पिशवीत होत्या. काकांनी जुनी आणि नवी एका फळीवर शेजारी उभी केली.

मी मोजलं. जुनी किती आखूड झाली ते तीनदा मोजलं. अकरा मिलीमीटर.

इतकंच! माझ्या करंगळीच्या नखाएवढं. बारा वर्षांत कितीतरी खड्डे आले असतील, आत्तेभाऊ बसला, मी बसलो, गणपतीच्या मूर्ती आणल्या, लग्नाला माणसं नेली — आणि प्रत्येक वेळी ही अंधारात, ऑइलमध्ये, खाली जाऊन परत वर आली. कोणी बघितलं नाही. परत येताना दर वेळी कणभर कमी आली असेल. त्या सगळ्याचे मिळून अकरा मिलीमीटर झाले. मी ती हातात घेऊन बराच वेळ बसलो. काका म्हणाले, "काय, मुका घेतोस काय तिचा?"

डिझेलनं सगळं धुतलं. नव्या सील बसवताना त्यांनी हातोडी घेतली नाही. जुनी सील वर ठेवून चारी बाजूंनी अंगठ्यांनी दाबत नेली. तशी ती बसली.

ऑइल एका पाइपात १६५ मि.ली. हवं. मी लॅबमधली बिनसुईची सिरिंज मुद्दाम नेली होती. काकांनी ती बाजूला सारली, कान पाइपाशी नेला आणि बाटली तिरकी केली. आवाज ऐकत होते! थांबले. "मोज."

उलटं ओतून मोजलं. १६४.

दुसऱ्यात १६५.

माझ्या अंगावर काटा आला. काकांना काहीच वाटलं नाही. "डेपोत रोज साठ गाड्या," एवढंच.

स्प्रिंगेचे दाट वेढे वरच्या बाजूला ठेवायचे. वरचा बोल्ट आवळताना स्प्रिंग आतून ढकलते, ती ढकलणी तळहाताला कळते. जिवंत काहीतरी आत कोंडतोय असं वाटलं. एक बोल्ट त्यांनी माझ्याकडून आवळून घेतला.

शेवटी त्यांनी हँडल दाबून सोडलं, डोळे मिटून. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. "वर आल्यावर परत हलली तर ऑइल कमी. वर यायला रडली तर जास्त. ही बघ."

मजुरी किती विचारलं. "आधी रगात पोचव."

घरी येताना पाण्याचा प्रयोग. उरलं ९७.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.

काल लिहायला जमलं नाही. कालचं आज लिहितो.

सिस्टरना शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. पहिल्यांदाच मी बाहेर गेलो नाही. शकूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो, पण खोलीत होतो.

नळ्या रुमालात गुंडाळल्या. चार किलोमीटर वीसच्या वेगानं. खड्डा दिसत होता, पण हातापर्यंत अर्धाच पोचत होता.

दिशा मॅडमनी नळी उजेडात धरली. वरचं पाणी तिळाच्या तेलासारखं. पिवळं, आरपार! खिडकीतला चिंचेचा शेंडा त्यातून दिसला. "अरे वा," मॅडम म्हणाल्या.  माणसाच्या आत असं काही असतं आणि ते तीस किलोमीटर न फुटता आणता येतं.

अडीच वाजता त्यांनी मला आत बोलावलं. पोटॅशियम ६.८; पाचच्या आसपास हवं.

मी म्हटलं, मॅडम, पण नळी तर चांगली होती. "चांगली होती म्हणूनच. हे खरं आहे." त्या आधीच डॉक्टरांना फोन लावत होत्या. इतकं वाढलं की हृदय कधीही थांबू शकतं. डॉक्टर म्हणाले, आजच आणा.

म्हणजे दोन आठवडे हेच चाललं होतं, आणि मी लाल नळ्या आणत होतो.

अँब्युलन्स मोरीपर्यंतच येऊ शकली. पावसाळ्यात मोरी खचल्यापासून पलीकडे चार चाकं जात नाहीत. साडेचारला मी वाडीवर पोचलो तेव्हा चौघांनी बांबू आणला होता, घोंगडीची डोली बांधत होते. शकूबाई दाराची चौकट धरून उभ्या. "चौघांच्या खांद्यावरनं एकदाच जायचं असतं. जित्तेपनी नाय जायची!"

गोमाजीकाका रडवेले झाले. "अगो, असं काय करतेस गो. ऐक ना."

मग शकूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "रगातवाल्याच्या गाडीवरनं जाईन. तेवढं रगात नेलंन, आता बाकीची न्हेऊ दे."

 त्यांचं वजन विचारलं. सिस्टर म्हणाल्या बेचाळीस. पेटी काढून ठेवली. माझे बावन्न, त्यांचे बेचाळीस — चालेल, मूळ माप दोघांसाठीच असतं. डोक्यात हाच हिशोब, दुसरं काही नाही. डोलीच्याच घोंगडीनं काकांनी त्यांना माझ्या पाठीशी बांधलं. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. ज्यांच्या नळ्या हरवू नयेत म्हणून मी दहादा मोजायचो, ते अख्खं माणूस पाठीवर होतं.

वीस नाही, पंधराच्या वेगानं. डोलीवाले चौघे मागून पळत. प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणत होतो — घे, पोटात घे. आणि ती घेत होती.

मधल्या वळणावर शकूबाई एकदम बोलल्या. मी घाबरलो, वाटलं काहीतरी होतंय.

"खड्डे कधी बुजवले रे?"

"नाही बुजवले, काकू."

"मग?"

काय सांगू! म्हटलं, "आत स्प्रिंग आहे."

पुढच्या खड्ड्यानंतर म्हणाल्या, "बरी हाय."

१५ ऑक्टोबर, बुधवार

मोरीवरून अँब्युलन्सनं नेलेल्या शकूबाईंचं डायलिसिस झालं. पोटॅशियम ५.१. जुनी स्प्रिंग खिळ्याला टांगून ठेवली आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

शकूबाईंच्या अंगात रक्त कमी आहे. एक बाटली चढवायची होती, बदल्यात कोणीतरी एक द्यायची. गोमाजीकाकांचं वय बसेना. मी बसलो. सुई आत जाताना बघितली.

बाटली भरल्यावर विचारलं, ही कुठं नेणार, गाडीनं? तिथला माणूस हसला. "तपासायला वर. जिन्यानं."

म्हटलं, सावकाश न्या.

खर्च: हेवी स्प्रिंगा ५८०, त्यांची मजुरी २५०, मूळ स्प्रिंगा ४६०, सील १८०, ऑइल १८०. एकूण १६५० रुपये.
देणं: कोंडाजीकाका, २००. उद्या देणार.
देणं: शकूबाई, वाया घालवलेलं रक्त, तीन वेळचं, अंदाजे ३० मि.ली.
फेड: ३५० मि.ली.