डोळ्याला न लागणारी बंदूक

धुळे,
शुक्रवार, २ मे १९९७

चि. प्रमिला,

तुला, जावईबापूंना आणि त्या दोन छोट्या सेनापतींना आशीर्वाद.

आज दुपारी पडल्या पडल्या एक आवाज ऐकू आला. खरा नव्हे, जुना. कोरड्या नदीत दगडावर दगड पडला की टण्ण करून उठतो आणि पलीकडच्या दरडीवर आपटून परत येतो, तो आवाज. त्याच्या मागून बांगड्या, बांगड्यांच्या मागून गौराईची गाणी. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठवड्यावर आली की दरवर्षी तो मला गाठतो. पूर्वी बरं वाटायचं. मी वर्गात कविता शिकवताना नदी आली की हाच आवाज मनात धरून शिकवायचो. यंदा मात्र उठून बसलो आणि तोंडाला कडू चव आली, जशी कारल्याचं बी चावल्यावर येते.

बाकी ठीक आहे. ऊन असं की ओट्यावर कुरडया घातल्या तर कावळ्याला यायलाही वेळ मिळत नाही, वाळून मोकळ्या. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण तिने खापर घासून ठेवलं आहे. म्हणजे मांडे होणार. तुझ्यासाठी निंबाला झोकाही बांधला. दोर नायलॉनचा मिळाला, निळा. तो करकरत नाही. मुका झोका. मला त्याचीही शिसारी येते, पण सुती दोर आता बाजारात कोणी ठेवत नाही म्हणे.

तू लिहिलंस की पोरांना इथे कंटाळा येतो म्हणून दोन आखाज्या तू आली नाहीस, आणि या वेळी ती एका अटीवर तयार आहेत. शेजारच्या मुलाच्या मामाने दुबईहून आणली तशी, स्पंजच्या चकत्या उडवणारी बंदूक हवी. एक नव्हे, दोन. बडोद्याच्या तुमच्या फ्लॅटमध्ये लढाईला जागा नाही, नानांच्या परसात आहे.

जागा आहे, पण तुला या परसाचा कायदा ठाऊक आहे. तुझ्या आईने इथे विटी-दांडू खेळू दिला नाही. गोफण नाही, गलोल नाही, गोट्यासुद्धा नेम धरून मारायच्या नाहीत. तू लहानपणी रडून विचारायचीस, "सगळ्यांच्या आया खेळू देतात, आमचीच का नाही?" मी तुला मांडीवर घेऊन कविता म्हणायचो. तू झोपून जायचीस. उत्तर राहून जायचं.

तर, बंदूक. धुळ्यात मिळाली नाही. शेजारचे बन्सीलाल जळगावला निघाले होते. ते भुसावळला रेल्वेत होते, आता निवृत्त झालेत आणि त्यांना गाडीत बसायला निमित्तच लागतं. त्यांच्याबरोबर गेलो. नव्या मार्केटात खेळण्यांचं दुकान आहे, काचेचं. प्रमिला, मी आत शिरलो आणि मला मळमळलं. भिंतभर बंदुका. लाकडी बैल नाही, भवरा नाही, पत्र्याची शिट्टी नाही. प्रत्येक खोक्यावर एक गोरा मुलगा दात आवळून माझ्याकडे नेम धरून उभा. मूल असं दात आवळतं कधी? शाळेत अख्खं आयुष्य पोरांत काढलं, भांडणारी पाहिली, चावणारी पाहिली. असा चेहरा त्यांच्यापैकी एकाचाही नव्हता. आणि त्या प्लॅस्टिकचा वास. नव्या चपलेचा आणि शिळ्या तेलाचा मिळून असतो तसा.

दुकानदार पोरगेलासा होता. म्हणाला, "बोला अंकल."

बन्सीलाल म्हणाले, "अंकल नको म्हणू रे, हे गुरुजी आहेत. शुद्धलेखन तपासतील तुझं."

त्याने आधी छर्ऱ्यांची बंदूक काढली. पिवळे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठे छर्रे. म्हणाला, "हीच चालते सध्या. रेंज बघा." आणि समोरच्या बाहुलीला गोळी घातली. बाहुली फळीवरून खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

मी म्हणालो, "माझ्या डोळ्यावर मार."

"काय?"

"डोळा मिटतो मी. मार."

त्याने बन्सीलालांकडे पाहिलं. बन्सीलाल म्हणाले, "मास्तर आहेत बाबा. परीक्षा घेतल्याशिवाय कोणाला पास करत नाहीत."

तो तयार होईना. शेवटी माझ्या तळव्यावर मारली. लाल फोड उठला. नापास. मग रबरी तोंडाचा बाण आला. तो चष्म्याच्या काचेला असा चिकटला की ओढून काढताना काच निखळली. तोही नापास. मग त्याने तुझ्या पोरांची ती बंदूक काढली. नारिंगी, बेडकासारखी फुगीर. वरून चकत्या भरायच्या, चपट्या पेढ्याएवढ्या, गादीत असतो तसल्या स्पंजच्या. मी डोळा मिटला. त्याने मारली. पापणीवर काहीतरी टेकून गेलं, इतकंच.

"बघा, काही होत नाही," तो म्हणाला.

"आता उघड्या डोळ्यावर मार."

"अहो गुरुजी, खेळताना पोरं डोळा मिटून घेतात."

"डोळा मिटायला वेळ कोण देतं रे?" मी म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं थांबली. बन्सीलालांनी त्या पोराच्या हातातून बंदूक घेतली आणि मला बोलायलाही न देता झाडली. फुस्स. चकती भुवईला लागून गालावरून घरंगळली. डोळ्यात थोडं पाणी आलं, ते कशाने आलं मला सांगता येणार नाही.

मी दोन बांधून घेतल्या. परतीच्या गाडीत ती पिशवी मांडीवर न घेता पायांशी ठेवली, मच्छी आणावी तशी. बन्सीलालांनी काही विचारलं नाही. एरवी ते तिकीट तपासनिसाकडेही त्याच्या सासुरवाडीची चौकशी करतात.

घरी आल्यावर तुझ्या आईने खोकं पाहिलं. मला वाटलं आता परसात फेकून देईल. तिने चकती काढून दोन बोटांत दाबली. वास घेतला, नाक मुरडलं. मग मला विचारून बंदूक भरली, आणि प्रमिला, तिने ती स्वतःच्याच डोळ्यासमोर धरून चाप ओढला. मी ओरडलो. तोवर फुस्स झालं होतं.

तिने खाली पडलेली चकती उचलली. मग म्हणाली, "इतलंच?"

तुला माहीत आहे, तिच्या तोंडी माहेरची बोली कधी येते. फार हसते तेव्हा, नाहीतर मग.

मी हे लिहायचं टाळत होतो. बंदुकीचं कौतुक किंवा निंदा करून पत्र संपवणार होतो. पण तुझी पोरं परसात लढणार आणि तुझी आई ओट्यावर बसून पाहणार, तर तुला कळायला हवं ती काय पाहते आहे.

आमच्या लहानपणी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला पोरी नदीत उतरायच्या. अलीकडच्या काठावर आपल्या गावच्या, पलीकडच्या काठावर समोरच्या गावच्या. आधी गाण्यातून शिव्या. अशा शिव्या की ऐकून म्हातारे लाजत आणि पोरी मात्र हसत. मग दगड. वर्षभर ज्या पोरींना मोठ्याने बोलायची मुभा नव्हती, त्या त्या एका दिवशी वाटेल ते म्हणत आणि वाटेल तसं मारत. नियम एकच होता. सूर्य बुडाला की गौराईबरोबर त्या दिवशीची शिवी आणि दगड पाण्यात सोडायचे. घरी न्यायचे नाहीत. पाणी नसेल तर वाळूत.

माझ्या लग्नाच्या आधी एका वर्षी तुझ्या आत्याला, झुंबरआक्काला, दगड लागला. डावा डोळा गेला.

हो. तुम्हा पोरांना तिने स्वतःच सांगितलं होतं, डोळा देवीच्या आजारात गेला. दगड म्हटलं की पोरं विचारतात कोणाचा, म्हणून. गावाला दगड ठाऊक होता. कोणाचा ते गावालाही ठाऊक नव्हतं, इतक्या हातांतून कोण हात शोधणार. पण आक्काने पाहिला होता. हिरवं पातळ, कोपरापर्यंत गोंदण, वर गेलेला हात. दोन डोळ्यांनी तिने पाहिलेलं ते शेवटचं.

पुढे वडिलांनी माझं लग्न ठरवलं, ते नेमकं नदीपलीकडच्या गावात. अंतरपाट निघाला तेव्हा आक्का माझ्या मागे करवली म्हणून करा घेऊन उभी होती. नवरीने हार घालायला हात वर केला. आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "हाई तीच शे." करा मात्र हलला नाही. त्यातलं पाणी सांडलं नाही. अक्षता पडल्या होत्या.

ती तुझी आई. तिने ते ऐकलं. लीलाला तो दगड स्वतःचा होता असं तेव्हापासून वाटतं. असेलही, नसेलही. आक्का पिंपळनेरला नांदायला गेली आणि आखाजीला माहेरी आली नाही. अख्ख्या खानदेशच्या लेकी येतात, ही नाही. म्हणून मी दर आखाजीला लुगडं घेऊन तिच्याकडे जातो. ती मला जेवू घालते, तुझी चौकशी करते, बन्सीलालांचीसुद्धा करते. एक नाव घेत नाही. परत आलो की तुझी आई एकच विचारते, "काय म्हणाल्या?" मी म्हणतो, बऱ्या आहेत. दोन्हीकडे इतकं नीटनेटकं बोलणं, की कधीकधी किळस येते. यापेक्षा एकमेकींच्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं. मी कवितांत ज्याला संयम म्हणायला शिकवलं, तो असा असतो हे मुलांना सांगितलंच नाही. आणि त्या नदीला मी सुंदर म्हणत राहिलो. परवा त्या दुकानात मला मळमळलं. त्या दगडासाठी कधी मळमळलं नाही, त्याला माझ्या मनात यमक होतं.

आता एक घोटाळा झाला आहे, तो सांगतो. आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोनांतली एक बंदूक दिसेना. खोकं आहे, बंदूक नाही. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "उंदरांनी नेली असेल."

"चकत्यांसकट?"

"उंदीरच ते. मास्तरांच्या घरातले. शिकलेले."

मी घर पालथं घातलं. कोठीत हात घातला, माळा पाहिला. बन्सीलालांना विचारलं, तर ते छताकडे पाहून म्हणाले, उन्हाळा फार आहे. पोरं आली की एका बंदुकीवरून भांडतील, म्हणून उद्या पुन्हा जळगावला जाईन म्हणतो. त्या दात आवळलेल्या पोराला पुन्हा पाहायचं जिवावर येतं, पण जाईन. तू तिकिटं काढली असशील तर

कडी वाजली. एवढ्या उन्हाची. पाहून येतो.

*

प्रमिला, घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

दारात झुंबरआक्का आहे. एकटी. साक्रीकडून येणाऱ्या एसटीने आली, डोक्यावरचा पदर धुळीने पांढरा. काखेत गाठोडं आणि हातात ती नारिंगी बेडकी बंदूक. मी दार अडवून उभा. आक्का म्हणाली, "सरक ना बाजूले. तुना लोटन कंडक्टर हाई दी गया. म्हने, वहिनीना निरोप शे, आखाजीले या, आते तुम्ही मारा."

तर उंदीर ते असे. पिंपळनेरच्या गाडीवरच्या कंडक्टरच्या हाती आपल्याकडे लोक आंब्याची पाटी पाठवतात, औषध पाठवतात. तुझ्या आईने ही बंदूक आणि 'आता तुम्ही मारा' हा निरोप पाठवला, आणि स्टँडवर नेऊन द्यायला बन्सीलाल.

मी आक्काला आत ये म्हणालो. ती उंबऱ्यावरच थांबली. एका डोळ्याने परस पाहिला, झोका पाहिला. बंदूक कशी भरायची ते मला विचारलं नाही. तिने भरूनच आणली होती.

आतून तुझ्या आईच्या हातचं लाटणं थांबल्याचं मला ऐकू आलं. थांबलेलं ऐकू येतं, हे मला आज कळलं.

आक्का म्हणाली, "कोठे शे ती? सांग तिले, डोया मिटू नको म्हना."

तुझी आई पिठाच्या हातांनी बाहेर येते आहे. डोळे उघडे आहेत.

मी लिहायचं थांबवतो. कोणीतरी पाहायला हवं.

झोका बांधलेला आहे. या वेळी तू ये.

तुझे,
नाना