व्याह्यांवर रोखलेलं क्षेपणास्त्र

४ मार्च
आजपासून लेखन. आमच्या विमानवेधी क्षेपणास्त्राचा समग्र इतिहास. हवाई संग्रहालयाने मागितलाय. म्हणजे मी चार फोन केल्यावर तिथल्या बाई ‘बघू’ म्हणाल्या. तुकडीचा कमांडर मी होतो. दुसरा लिहिणार कोण? रोज पहाटे पाच पानं.

५ मार्च
पहाट हुकली. हिने गजर बंद केला. घरातच घातपात.

९ मार्च
पहिलं प्रकरण झालं. क्षेपणास्त्र परदेशातून खोक्यांत आलं, सोबतची पुस्तकं भलत्याच मॉडेलची. तरी आम्ही ते उभं केलं. पुढे वीस वर्षं शत्रूचं एकही विमान शहरावर फिरकलं नाही. व्याह्यांना वाचून दाखवलं. ते निवृत्त फायटर पायलट, नाकाने कांदे सोलणारे. म्हणाले, वीस वर्षांत आमच्या गल्लीत हत्तीही आला नाही, त्याचं श्रेय आमच्या कुत्र्याला द्यायचं का? पोरगी त्या घरात दिलीय, म्हणून वर चहाही पाजला.

१४ मार्च
तिसरं प्रकरण: ‘संयम’. युद्धाचा दुसरा दिवस. रडारवर अनोळखी विमान, ‘मी आपलाच’ असं सांगणारा ओळखीचा सिग्नल नाही. तरी क्षेपणास्त्र सुटलं नाही. विमान आपलंच निघालं. आत आमचे भावी व्याही! सिग्नल चालू होता, हे त्यांचं पालुपद. पायलट कधी चुकत नसतो, नुसता कोसळतो. प्रकरण त्यांना पाठवलं. वाचा आणि जळा.

१६ मार्च
पोरीचा फोन. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, या माणसाला मी उगाच टाकून बोललो, प्रस्तावना मीच लिहीन. सत्याचा विजय. संग्रहालयाच्या बाईंना कळवलं. पायलटची प्रस्तावना असेल तर पुस्तक घेऊ, म्हणाल्या. ‘तर’ कशाला? चिडलो. हो म्हटलं.

२१ मार्च, दुपारी
व्याही जेवायला आले. दारातच मिठी मारली. ताटावर बसल्यावर हिला म्हणाले, विहीणबाई, तुमच्या ह्यांनी बटणावरचा हात आवरला, म्हणून मी मुलाचं तोंड पाहिलं. ही वाढता वाढता म्हणाली, आवरला कुठे? दोनदा दाबलं की! वायर उंदरांनी कुरतडली होती म्हणून बरं. विमान आपलं होतं कळल्यावर घरी येऊन ढसाढसा रडले. अजून घरात उंदरांचं औषध ठेवू देत नाहीत.
व्याह्यांचा घास हातातच. दोनदा? असं विचारलं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे. तुमचा सिग्नल बंद होता. ते ताटावरून उठले.

२२ मार्च
हिच्याशी अबोला धरलाय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. प्रकरणाचं नाव बदलणार नाही. संयम तुकडीने दाखवला असं लिहिलंय. उंदीर तुकडीतलेच होते.

२ एप्रिल
व्याह्यांनी प्रस्तावना परस्पर संग्रहालयात धाडली. बाईंना ती इतकी पटली की आता पुस्तकाची गरज नाही म्हणाल्या. तीच पाटीवर लिहून तिथे ठेवलेल्या आमच्या क्षेपणास्त्रासमोर लावली. आज पाहून आलो.
‘माझा सिग्नल बंद होता. कमांडरने बटण दोनदा दाबलं. आम्हा दोघांनाही उंदरांनी वाचवलं.’
चष्मा पुसला. शेजारी एक गृहस्थ पाटी वाचून हसत होते. त्यांना सांगितलं, तो कमांडर मीच. ते म्हणाले, हो का? आणि उंदरांचा फोटो कुठे लावलाय, ते विचारलं.